तालीया: तीन मारिया, एक गळा आणि मेक्सिकोचा मालिकांचा कारखाना

चिखलात एक ब्रेसलेट पडलंय. भारी कपड्यांतली वाड्याची मालकीण वर उभी राहून सांगतेय, हवं असेल तर उचल, पण हातांनी नाही, दातांनी. समुद्राकाठच्या झोपडीत वाढलेली मारिमार तिच्याकडे बघते. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. गरज मानापेक्षा मोठी आहे. ती गुडघे टेकते, खाली वाकते आणि तोंड चिखलाजवळ नेते. कॅमेरा जराही हलत नाही.

१९९४ सालच्या ‘मारिमार’ या मेक्सिकन मालिकेतला हा प्रसंग. मेक्सिको सिटीपासून मनिलापर्यंत ज्यांनी ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या मनातून तो गेलेला नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला स्पॅनिश जेमतेम येत होतं, संवाद निम्मेही कळले नव्हते, तरी घशाशी आवंढा आला. मारिमार झालेल्या मुलीचं नाव तालीया. स्पेलिंगमध्ये ‘एच’ असला तरी स्पॅनिशमध्ये तो मुका, म्हणून थालिया न म्हणता तालीया. मालिकेचं शीर्षकगीतही तिनेच गायलेलं. त्याच काळात तिच्या गाण्यांच्या कॅसेट आणि सीडी लॅटिन अमेरिकेत दुकानोदुकानी होत्या.

एकच बाई आघाडीची नटी आणि आघाडीची पॉप गायिका कशी? देखणी होती, नशीब जोरावर होतं, असं म्हणून विषय संपवता येतो. पण तालीयाची कारकीर्द नीट उलगडली की मेक्सिकोतला मनोरंजनाचा सगळा व्यवहार डोळ्यांसमोर येतो. गाणं मालिका विकतं, मालिका गाणं विकते आणि दोन्हींची मालकी बरेचदा एकाच घरात असते. तालीया या व्यवस्थेत घडली, तिच्यामुळे मोठी झाली आणि ऐन भरात तिच्यातून बाहेर पडली. माझ्या मते तिचं खरं कसब त्या बाहेर पडण्यात आहे.

आधी तेलेनोव्हेला म्हणजे काय ते बघू

‘नोव्हेला’ म्हणजे कादंबरी आणि ‘तेले’ हा टेलिव्हिजनमधला. म्हणजे टीव्हीवरची कादंबरी. हे नाव शब्दशः खरं आहे, कारण कादंबरीला शेवट असतो आणि तेलेनोव्हेलालाही असतो. आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच-सहा महिने ते वर्षभर, आणि मग लग्न, सूड, क्षमा, समाप्त. टीआरपी आहे तोवर ओढत राहायचं आणि नायिकेला तीनदा मारून चारदा जिवंत करायचं, हा आपल्या ओळखीचा प्रकार तिथे सहसा नाही. शेवटचा भाग हा तिथे सणासारखा असतो.

या प्रकाराचं मूळ क्यूबात आहे. तिथल्या सिगारच्या कारखान्यांत कामगार तंबाखूची पानं वळत असताना एक जण उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. रोज थोडं थोडं ऐकायची ही सवय पुढे रेडिओला फळली. १९४८ साली फेलिक्स काइन्येत यांच्या रेडिओ-कादंबरीने क्यूबाला वेड लावलं आणि साबणाच्या कंपन्यांना उमगलं की रडणारा श्रोता जाहिरातही लक्ष देऊन ऐकतो. टीव्ही आल्यावर तेच सूत्र पडद्यावर आलं. १९५८ साली मेक्सिकोत पहिली तेलेनोव्हेला लागली, तिची प्रायोजक होती कोलगेट-पामोलिव्ह.

क्यूबाच्या या रेडिओ परंपरेत इनेस रोदेना नावाची एक लेखिका होती. गरीब, अडाणी, तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ मुलगी श्रीमंत घरात येते, अपमान सोसते, तिथल्या मुलावर जीव लावते आणि अखेर त्या सगळ्यांच्या वर जाऊन बसते, हा तिचा हातखंडा. तिच्या कथा मेक्सिकोत आणून पुन्हा पुन्हा नव्या रूपात सादर केल्या चिलीहून आलेल्या बालेन्तीन पिम्स्तेइन या निर्मात्याने. १९७९ सालची ‘लोस रिकोस ताम्बिएन योरान’, म्हणजे ‘श्रीमंतही रडतात’, ही त्यांपैकी सगळ्यांत गाजलेली. सोव्हिएत संघ कोसळत होता त्या हिवाळ्यात, दुकानं रिकामी आणि रांगा लांब असताना, रशियातली घरंच्या घरं हीच मालिका बघत बसली होती. नायिका वेरोनिका कास्त्रो १९९२ साली मॉस्कोला गेली तेव्हा तिला बघायला झुंबड उडाली. वेरोनिकाही गायिका होती हे इथे लक्षात ठेवा. तालीयाची वाट तिच्याआधीच मळलेली होती.

एकाच छपराखाली सगळं

आता या व्यवस्थेची मालक असलेली तेलेविसा. १९७३ साली दोन टीव्ही कंपन्या एकत्र येऊन ती उभी राहिली आणि पुढची वीस वर्षं मेक्सिकोत तिच्या तोडीचा खासगी प्रतिस्पर्धी नव्हता. १९९३ साली सरकारी वाहिन्या विकल्या गेल्या आणि टीव्ही अस्तेका आली, तेव्हा कुठे स्पर्धा सुरू झाली. तेलेविसाकडे वाहिन्या होत्या, स्टुडिओ होते, अभिनय शिकवणारी स्वतःची शाळा होती, मासिकं होती आणि रेकॉर्ड कंपनीही होती. दर रविवारी तासन्‌तास चालणारा ‘सिएम्प्रे एन दोमिंगो’ हा कार्यक्रम होता, आणि त्यात गायला मिळालं की गायकाचं नाव सगळ्या स्पॅनिशभाषक जगात पोहोचायचं. कलाकारांशी एकनिष्ठतेचे करार असत. काम असो वा नसो पैसे मिळायचे, पण दुसऱ्याच्या दारात जायचं नाही.

म्हणजे एखादी मुलगी या घरात शिरली की तिला अभिनय शिकवणार, मालिकेत घेणार, तिच्याकडून शीर्षकगीत गाऊन घेणार, त्या गाण्याचा अल्बम काढणार, रविवारी तो वाजवणार आणि सोमवारी तिचा फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर छापणार. जाहिरातीवर वेगळा पैसा घालायची गरजच नाही. रोज संध्याकाळी भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी ते गाणं लागतं. सहा महिन्यांत श्रोत्याला पाठ होतं, आणि मुख्य म्हणजे गाण्याला आता एक चेहरा असतो, ज्याच्या दुःखात आपण रडलेलो असतो. असं गाणं नुसतं ऐकलं जात नाही, त्याच्याशी नातं जुळतं. रेडिओवरून आलेल्या गायकाला हे नातं जुळवायला वर्षं लागतात.

१९९० साली तेलेविसाने यातला उरलासुरला आडपडदाही काढून टाकला. ‘आल्कान्सार उना एस्त्रेया’ या मालिकेत नायकच पॉपस्टार होता आणि मालिकेतली त्याची गाणी खरोखरीच्या दुकानांत विकायला होती. तिच्या दुसऱ्या पर्वात पोर्तो रिकोहून आलेला एक तरुण होता, रिकी मार्टिन. २००४ सालच्या ‘रेबेल्दे’ने तर मालिकेतल्या शाळेतल्या मुलांचा बँडच खऱ्या जगात उतरवला. आरबीडी नावाचा हा बँड विसर्जित होऊन पंधरा वर्षं होत आली, तरी २०२३ साली तो परत आला आणि त्याने मैदानं भरवली.

मुलगी

आरियाद्ना तालीया सोदी मिरांदा हिचा जन्म २६ ऑगस्ट १९७१ रोजी मेक्सिको सिटीत झाला. पाच बहिणींतली ती धाकटी. वडील लहानपणीच गेले. आई योलांदा मिरांदा कणखर बाई होती आणि पुढे तिनेच मुलीचं सगळं काम सांभाळलं. मोठी बहीण लाउरा सापाता आधीपासून नटी होती, त्यामुळे स्टुडिओचं दार या घराला अनोळखी नव्हतं.

१९८६ साली पंधरा वर्षांची असताना तालीया ‘तिंबिरिचे’मध्ये गेली. हा तेलेविसाच्या छायेत वाढलेला मुलामुलींचा गट. १९८२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात शाळकरी पोरं होती, मग एक जण बाहेर पडला की दुसरा आत येत गेला. पुढे पॉप गायिका म्हणून गाजलेली पाउलिना रुबियो इथलीच. मारिमारचा नायक झालेला एदुआर्दो कापेतियोही इथलाच. तिंबिरिचे म्हणजे या मुलांची तालीम होती. नाचायचं, गायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, रात्री कार्यक्रम करून सकाळी चित्रीकरणाला हजर राहायचं, हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत करायचं.

१९८७ मध्ये ‘किन्सेआन्येरा’ आली. मेक्सिकोत मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा साजरा करतात, पायघोळ झगा, वॉल्ट्झ नाच, सगळं गाव जेवायला. त्या उंबरठ्यावरच्या दोन मैत्रिणींची ही कथा. एक आदेला नोरियेगा, दुसरी तालीया. गुंड टोळ्या, अमली पदार्थ, बलात्कार असे विषय तोवर कुमारवयीनांच्या मालिकेत कोणी आणले नव्हते. शीर्षकगीत गायलं तिंबिरिचेने. यंत्राची चाकं कशी एकमेकांत बसवलेली होती ते इथे स्वच्छ दिसतं.

१९९० साली तिचा पहिला एकल अल्बम आला. पहिले तीनही अल्बम तेलेविसाच्याच रेकॉर्ड कंपनीचे. तिचे तोकडे कपडे आणि बिनधास्त गाणी बघून जुन्या वळणाच्या लोकांनी नाकं मुरडली. मधे ती स्पेनला जाऊन तिथल्या टीव्हीवर काम करून आली. आणि मग १९९२ साली पिम्स्तेइनने तिला मारिया केलं.

तीन मारिया

‘मारिया मेर्सेदेस’ रस्त्यावर लॉटरीची तिकिटं विकते. १९९४ मधली ‘मारिमार’ समुद्रकाठची अनवाणी पोर. १९९५ मधली ‘मारिया ला देल बार्रियो’, म्हणजे ‘वस्तीतली मारिया’, कचरा वेचते. तिन्हींची मुळं इनेस रोदेनाच्या कथांत. तिसरी तर ‘श्रीमंतही रडतात’चीच नवी आवृत्ती. तिन्हींत तालीया नायिका, तिन्हींची शीर्षकगीतं तिच्याच आवाजात, आणि प्रत्येक गाण्यात नायिका स्वतःचं नाव घेऊन स्वतःची ओळख करून देते.

तीनदा तीच गोष्ट? होय, जवळजवळ तीच. टीकाकारांनी याला आळस म्हटलं. मला ते पटत नाही. पोवाडा ऐकणाऱ्याला शेवट ठाऊकच असतो, तरी तो उठून जात नाही. ओळखीची गोष्ट नव्या मुलीच्या तोंडून ऐकताना बघायचं असतं ते एवढंच, की ही कशी रडते, ही कशी उठते. तालीया उठायची फार छान. तिच्या मारिया सोशिक नाहीत. त्या शिव्या देतात, कमरेवर हात ठेवून भांडतात, श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलावर हातांनी जेवतात आणि लाजत नाहीत. मारिमारचा पुलगोसो नावाचा कुत्रा तर मनातल्या मनात बोलतो आणि ते आपल्याला ऐकू येतं. सांगताना बालिश वाटतं, पण पडद्यावर ते असं जमून येतं की आपण त्या कुत्र्याच्या मताची वाट बघू लागतो.

सुरुवातीच्या त्या चिखलाचं पुढे काय होतं तेही सांगायला हवं. मारिमारची झोपडी जाळली जाते, आजी-आजोबा जळून मरतात. ती शहरात जाते, एका श्रीमंत माणसाच्या घरात कामाला लागते आणि तोच तिचा बाप निघतो. ती लिहायला-वाचायला शिकते, वारसदार होते, नाव बदलून बेया आल्दामा बनते आणि परत येते. मग एके दिवशी त्याच मालकिणीसमोर चिखलात कागद पडलेले असतात, आणि या वेळी दातांनी उचलायची पाळी त्या मालकिणीची असते. नायिकेचा चेहरा या प्रसंगी आनंदी नाही. त्यात एक थकवा आहे. इथे मला तालीया नटी म्हणून पटते, एरवी तिच्या अभिनयात अतिरेक असला तरी.

अतिरेकामागे कारणही होतं. हे कलाकार संवाद पाठ करून येत नसत. कानात एक बारीकसं यंत्र असायचं, मेक्सिकोत त्याला ‘चिचारो’ म्हणतात, म्हणजे वाटाणा. दुसऱ्या खोलीतला माणूस त्यातून वाक्य सांगणार, कलाकाराने ते ऐकायचं आणि त्याच दमात भावनेसकट म्हणायचं. यामुळे एका दिवसात ढीगभर प्रसंग उरकतात. स्वतः करून बघा. कानात कोणी बोलत असताना समोरच्याशी भांडायचं, तेही डोळ्यांत खरं पाणी आणून. तालमीला वेळ नाही, दुसरा टेक परवडत नाही. अशा वेळी भावना ठळक होणारच. तिसऱ्या मारियातली खलनायिका सोराया हिचा आकांडतांडव इतका ठळक आहे की आजची पिढी मालिका न बघताही मीममधून तिला ओळखते.

लॅटिन पॉप कुठे शिजतं

इकडे तिसरी मारिया पडद्यावर असतानाच, १९९५ साली, ‘एन एक्स्तासिस’ हा अल्बम आला. आता रेकॉर्ड कंपनी तेलेविसाची नव्हती, ईएमआय होती. त्यातलं ‘पिएल मोरेना’, म्हणजे ‘सावळी कांती’, हे तिचं सर्वांत ओळखीचं गाणं. ते लिहिलं कोलंबियाच्या किके सान्तान्देरने आणि घडवलं क्यूबात जन्मलेल्या एमिलियो एस्तेफानने, ज्याचा मुक्काम अमेरिकेतल्या मायामीत. मेक्सिकन गळा, कोलंबियन शब्द, क्यूबन हात, अमेरिकन शहर. लॅटिन पॉप म्हणतात ते हेच. कोणा एका देशाचं नाही, स्पॅनिश कळणाऱ्या सगळ्यांचं. मालिका घरोघरी चेहरा पोहोचवत होती आणि मायामी त्या चेहऱ्याला असा ठेका देत होती ज्यावर लिमापासून माद्रिदपर्यंत कुणीही नाचावं. १९९७ चं ‘आमोर आ ला मेक्सिकाना’ याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

तिचा गळा फार मोठ्या पल्ल्याचा नाही. तिच्या पिढीत तिच्यापेक्षा कसदार गाणाऱ्या होत्या. पण मायक्रोफोनजवळ येऊन एका माणसाला सांगितल्यासारखं गायचं तिला जमतं, आणि ही कला मालिकेच्या क्लोजअपमधूनच आलेली आहे असं माझं मत.

मनिला

या व्यवस्थेची ताकद परदेशात कळते. मालिकेचा खर्च मायदेशातच वसूल झालेला, त्यामुळे बाहेर ती स्वस्तात विकता यायची. गरीब देशांच्या वाहिन्यांना हे परवडायचं. १९९६ साली ‘मारिमार’ तागालोग भाषेत डब होऊन फिलिपिन्समध्ये लागली आणि देश थबकला. तालीया तिथे गेली तेव्हा राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांनी तिचं राजवाड्यात स्वागत केलं. परत येऊन तिने १९९७ मध्ये तागालोगमधून गाणी गायलेला ‘नान्दितो आको’ हा अल्बम काढला. फिलिपिन्सवर स्पेनचं तीनशेहून अधिक वर्षं राज्य होतं, घराघरात कॅथलिक धर्म आहे, आडनावं स्पॅनिश आहेत. मारिया किंवा मारिमारच्या नायकाचं सेर्हियो, ही नावं तिथे परकी नव्हतीच. २००७ साली तिथल्याच कलाकारांना घेऊन ‘मारिमार’ पुन्हा बनली.

आपलाही या मेक्सिकन कारखान्याशी एक धागा आहे, आणि तो एका मराठी माणसाच्या हातून जोडला गेला. तेलेविसातच मिगेल साबिदो नावाचे एक गृहस्थ होते. प्रौढ साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय त्यांनी १९७० च्या दशकात तेलेनोव्हेलांत गुंफले, आणि लोकांनी ते आवडीने बघितले. १९८२ साली तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंतराव साठे मेक्सिकोला जाऊन हे बघून आले. त्यातून १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे, तीही साबिदोंच्याच पद्धतीतली गोष्ट. पुढे २००३ मध्ये आलेली ‘जस्सी जैसी कोई नहीं’ ही कोलंबियाच्या एका तेलेनोव्हेलावरून घेतलेली.

तेलेविसाचे सर्वेसर्वा एमिलियो अस्कार्रागा मिल्मो मात्र साबिदोंसारखा विचार करत नव्हते. मेक्सिकोतली गरीब जनता काही त्या गरिबीतून वर येणार नाही, टीव्हीचं काम तिचं मन रमवून तिला त्या दुःखातून घटकाभर बाहेर काढण्याचं आहे, अशा अर्थाचं ते १९९३ साली जाहीरपणे बोलले. हे वाचून मला आजही राग येतो. दिवसभर कष्ट करून रात्री मारिमार बघणाऱ्या बाईला ते चिखलातलं ब्रेसलेट कुणाच्या हातून पडलं हे नेमकं कळत होतं.

बाहेर पडणं

१९९९ साली ‘रोसालिन्दा’ आली. या वेळी नायिका फुलं विकते. ती संपली आणि तालीयाने तेलेनोव्हेला थांबवल्या. वय अठ्ठावीस, दारात रांग, एकेक मालिका डझनावारी भाषांत जाणारी, आणि तिने थांबायचं ठरवलं. कारण सूत्राला एक मर्यादा होती. मारिया नेहमीच विशीतली असावी लागते. थांबली नसती तर पाचव्या-सहाव्या मारियानंतर तिला तिच्याच सूत्राने आईच्या भूमिकेत ढकललं असतं.

२००० सालच्या ‘आर्रासान्दो’ अल्बमने ती नुसती गायिका म्हणूनही उभी राहू शकते हे सिद्ध केलं. त्याच वर्षी २ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये तिने सोनी म्युझिकचे तेव्हाचे प्रमुख टॉमी मोटोला यांच्याशी लग्न केलं. ती स्वतः मात्र तेव्हाही प्रतिस्पर्धी ईएमआयसाठीच गात होती. २००३ चा इंग्रजी अल्बम बऱ्यापैकी चालला, त्यातलं एक गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत बाविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं, पण तो तिचा प्रांत नव्हता.

मधली वर्षं कठीण गेली. २००२ मध्ये तिच्या दोन बहिणींचं मेक्सिको सिटीत अपहरण झालं. दोघी सुटून आल्या, पण घर पूर्वीसारखं राहिलं नाही. २००८ च्या सुमारास तिला लाइम रोगाचं निदान झालं. गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा आजार माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो. ईएमआयशी संबंध संपला आणि लोक तिची कारकीर्द संपल्याचं बोलू लागले.

त्यावर तिचं उत्तर होतं २००९ चा ‘प्रिमेरा फिला’. नाच नाही, झगमगाट नाही. मोजके वादक, समोर थोडे श्रोते आणि ती गातेय. ‘एकिवोकादा’ म्हणजे ‘माझं चुकलं’ हे त्यातलं गाणं ऐकून बघा. चिखलातल्या मुलीला जसं जवळून बघितलं होतं तसंच इथे बघतो, फक्त कानात आता वाटाणा नाही, आणि शब्द तिचे स्वतःचे वाटतात. मेक्सिकोत हा अल्बम अफाट खपला. २०१३ साली हॉलिवूडच्या फुटपाथवर तिच्या नावाची चांदणी बसली. २०१८ मध्ये आलेलं, नाती नाताशा या गायिकेसोबतचं ‘नो मे आकुएर्दो’ यूट्यूबवर शंभर कोटींहून जास्त वेळा बघितलं गेलं. ते बघणाऱ्यांतली कित्येक मुलं ‘मारिमार’ संपल्यावर जन्मलेली. मग त्याच यूट्यूबवर पुढचा दुवा दाबून ती कुठेतरी समुद्रकाठच्या त्या झोपडीपाशी पोहोचतात, आणि खाली प्रतिक्रियांमध्ये विचारतात की हिचा सगळा पहिला भाग कुठे मिळेल.